गिलावा बाकी आहे

सुरतेत राहतो म्हणून सांगितलं की महाराष्ट्रातला माणूस दोन प्रश्न विचारतो. महाराजांनी लुटली ती हीच ना? आणि साड्या होलसेल भावात मिळतील का? या दोन प्रश्नांच्या मधे साडेतीनशे वर्षांचं बांधकाम उभं आहे, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. कोणी काढला असता तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. त्या उत्तराला बाहेर पडायला वाट मिळेना, म्हणून पुढचं सगळं घडलं.

मी मूळचा अमळनेरकडचा. आमच्या भागातली बरीच माणसं ताप्ती लाइनच्या गाडीत बसून सुरतेला आली आणि उधना, लिंबायत, डिंडोली या बाजूला राहिली. मीही त्यातलाच. रिंग रोडवरच्या एका मार्केटात साड्यांच्या पेढीवर हिशेब लिहितो. माझ्या हातून आजवर एकही वीट रचली गेलेली नाही हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझं पुढचं बोलणं ऐकून तसं वाटणार नाही.

पेढीची थकलेली उधारी मागायला अधूनमधून अहमदाबादला जावं लागे. एकदा रविवार गाठून गेलो. उधारी मिळाली नाही. एलिस ब्रिजखाली साबरमतीच्या काठी भरणाऱ्या गुजरी बाजारात पुस्तकांचा गठ्ठा मात्र मिळाला. कुण्या आर्किटेक्टच्या घरातून निघालेला असावा, कारण पानोपानी पेन्सिलीच्या खुणा होत्या. विकणारा म्हणाला, सुटं नाही, घ्यायचा तर अख्खा. सुरतेच्या माणसाला अख्खा लॉट म्हटलं की हात आपोआप खिशाकडे जातो. परत आलेल्या साड्यांच्या मालाबरोबर गठ्ठा टेम्पोतून पेढीवर आला. शेठनी पार्सल फोडलं, वरचं पुस्तक उघडलं, राखाडी इमारतींचे फोटो उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "आमां कलर नथी?"

नव्हता. त्यातलं पहिलं पुस्तक ल कॉर्बुझिएचं. या मूळच्या स्विस माणसानं 1923 साली पॅरिसहून ते काढलं, ग्रीक देवळांशेजारी मोटारी आणि विमानं छापली, आणि घराकडेही यंत्र म्हणून पाहा असा हेका धरला. जगभरचे आर्किटेक्ट म्हणे हादरले. मी हादरलो नाही. लिंबायतमध्ये खाली एम्ब्रॉयडरीचं मशीन आणि वर कुटुंब अशी घरं गल्लोगल्ली आहेत; घर कुठे संपतं आणि यंत्र कुठे सुरू होतं ते लाइट गेल्यावरच कळतं.

पण त्याचे पाच मुद्दे मला फार आवडले. घर खांबांवर उचला, गच्चीवर बाग करा, आतल्या भिंती हव्या तिथे फिरवा, दर्शनी भिंतीला भार वाहण्याच्या कामातून मोकळं करा, आणि खिडकी या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी ओढा. सासुरवाडीला जेवणाच्या पंगतीत हे मी बोटांवर मोजून सांगितले. माझा मेहुणा डिंडोलीत रो-हाउसं बांधून विकतो. तो पोळी मोडता मोडता म्हणाला, "दाजी, आपण खाली पार्किंग ठेवतो ते काय मग? बीम-कॉलमवर घर उभं असतं, भिंत कुठेही घ्या. गच्चीवर तुमच्या सासूबाईंची तुळस, कोरफड, कढीपत्ता. चार झाले. खिडकी तेवढी राहिली, ती पाऊस आत येतो म्हणून आपण लहान ठेवतो."

पॅरिसमध्ये जे डोक्यातून निघालं ते सुरतेत पाण्यातून निघालं होतं. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाचं पाणी सोडलं आणि सुरत बुडाली, तेव्हापासून इथल्या माणसाला तळमजल्यावर भिंती बांधायची हौस उरली नाही. आमच्या बाजूला मीठी खाडी आहे, ती विसरू देत नाही. हे सगळं खरं असलं तरी मेहुण्यासमोर कॉर्बुझिएची अशी बोळवण व्हावी हे मला रुचलं नाही. मी काही दिवस आधुनिकतेला विश्रांती दिली आणि इतिहासाकडे वळलो.

गठ्ठ्यातलं सगळ्यात जाड पुस्तक बॅनिस्टर फ्लेचरांचं. जगाच्या वास्तुकलेचा हा इतिहास 1896 साली बापलेकांनी मिळून लिहिला. दोघांचं नाव एकच, त्यामुळे शिव्या नेमक्या कोणाला द्यायच्या तेही ठरत नाही. शिव्यांचं कारण असं की 1901 च्या आवृत्तीत त्यांनी भारत, चीन, जपान आणि इस्लामी जगातल्या तमाम इमारती 'अनैतिहासिक शैली' म्हणून एका वेगळ्या भागात ढकलल्या. वास्तुकलेच्या झाडाचं चित्रही काढलं. ग्रीस-रोमच्या खोडावरून झाड युरोपात चढत जातं, आणि आपण खालच्या एका फांदीवर. ती फांदी पुढे कुठेच जात नाही. माझ्याकडची प्रत पुष्कळ नंतरची होती, तोवर ही भानगड निस्तरलेली होती. पण राग यायला जुनीच प्रत जवळ असावी लागत नाही. मी संतापलो, आणि संतापाच्या भरात सुरतेचा इतिहासकार झालो.

पहिली शिकार धुळ्याहून आलेली. हिच्या मावशी, त्यांच्या दोन जावा आणि नवरी मुलगी लग्नाचा बस्ता बांधायला आल्या होत्या. बस्त्याला आलेल्या बायकांना आधी इमारती दाखवाव्यात ही कल्पना सुचण्यासाठी माणसानं निदान तीन जाड पुस्तकं वाचलेली असावी लागतात. त्यांना मी चौक बाजारच्या किल्ल्यापाशी उतरवलं. पोर्तुगीज समुद्रातून येऊन शहर जाळून जात, म्हणून गुजरातच्या सुलतान महमूदच्या हुकमानं खुदावंद खानानं हा किल्ला बांधला, 1546 मध्ये पुरा झाला, वगैरे. मावशी म्हणाल्या, "म्हणजे महाराज आले तेव्हा सुभेदार लपला तो हाच?" हाच. जानेवारी 1664, इनायतखान. त्या जागेवर मावशींनी किल्ल्याकडे जो कटाक्ष टाकला तो पाहून मला हुरूप आला आणि मी रिक्षा कतारगामला वळवायला लावली.

कतारगामला इंग्रजांची आणि डच लोकांची जुनी कबरस्तानं आहेत. सुरतेत येऊन शहाणपणा शिकायचा तर तो तिथे. इंग्रज इथे 1613 च्या सुमाराला वखार घालून बसले, मागोमाग डच. दोघांची व्यापारात चुरस. ती मेल्यावरही मिटली नाही. इकडच्या अमीर-उमरावांचे रोजे पाहून त्यांनी आपल्या साहेबांच्या थडग्यांवर तसेच घुमट, तशाच कमानी चढवल्या. ज्यानं 1664 मध्ये वखार लढवून राखली तो जॉर्ज ऑक्झेंडन 1669 मध्ये इथेच वारला. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर दहा वर्षं आधी गेला होता. दोघांची मिळून एक दुमजली इमारत आहे. रायगडावर राज्याभिषेकाला गेलेला हेन्री ऑक्झेंडन तो वेगळा, हे मी नवऱ्या मुलीला दोनदा समजावलं. ती मोबाइलवर शालू बघत होती. डच बाजूला व्हॅन रीड. यानं मलबारातल्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, 1691 मध्ये मुंबईजवळ जहाजावर मेला, आणि त्याला सुरतेला आणून पुरलं. त्याच्यावर दुमजली, घुमटवाली इमारत उभी केली, आणि हेतू उघड होता: रस्त्यानं जाणाऱ्या देशी माणसाला वाटावं, इथे कोणीतरी फार थोर झोपलाय.

मी हे सांगत असताना मावशींनी चपला काढल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि व्हॅन रीडला वाकून नमस्कार केला. जावांनीही केला. एकीनं पर्समधून दहाची नोट काढून ठेवायला जागा शोधली. डच कंपनीनं त्या घुमटावर ओतलेला पैसा सव्वातीनशे वर्षांनी धुळ्याच्या तीन बायकांकडून वसूल झाला. फ्लेचर बापलेकांनी हे पाहायला हवं होतं.

परत जाताना त्यांना माझ्या यादीतलं काहीही नको होतं. हिऱ्यांची ती मोठी इमारत दाखवा म्हणाल्या. खजोदला डायमंड बोर्स झालं आहे, डिसेंबर 2023 मध्ये पंतप्रधानांनी उद्घाटन केलं. पंधरा मजल्यांचे नऊ मनोरे, सुमारे सदुसष्ट लाख चौरस फूट, अमेरिकेच्या पेंटॅगॉनहून मोठं. दिल्लीच्या मॉर्फोजेनेसिसनं आराखडा केला. त्यांनी मनोऱ्यांच्या मधून वारा खेळवला आहे, हे मी लांबूनच समजावू लागलो. मावशींनी एकच विचारलं, "झाडू कोण मारतं एवढ्यात?" माझ्या गठ्ठ्यातल्या एकाही लेखकाला हा प्रश्न पडलेला नाही, हे मी नंतर तपासलं.

इथवरचं सगळं फुकट होतं. पुढे पैसे लागले.

मेहुण्यानं आपल्या रांगेतलं एक टोकाचं रो-हाउस आम्हाला खर्चाच्या भावात द्यायचं ठरवलं. पंधरा फूट तोंड. मी अट घातली की दर्शनी भाग माझ्या मनाप्रमाणे होईल. तो म्हणाला, "आतलं ताई बघेल, बाहेरचं तुम्ही बघा, लोखंड-सिमेंट मी बघतो. चालहे?" खानदेशी माणूस सुरतेत मोठा झाला की असा बोलतो. चालणारच होतं.

आता मी ख्रिस्तोफर अलेक्झांडर उघडला. हा माणूस तरुणपणी, 1962 च्या सुमाराला, गुजरातेतल्या बावरा नावाच्या खेड्यात येऊन राहिला, तिथे शाळा बांधली, आणि पुढे 1964 च्या पुस्तकात त्यानं एका भारतीय खेड्याला लागणाऱ्या गरजांची यादी दिली: एकूण 141. गुरं, विहीर, जातीपाती, पायवाटा, सगळं. त्यांचे गणिती गट पाडून त्यातून खेड्याचा आराखडा काढला. मीही वही घेऊन घरात गरजा विचारत फिरलो. आई म्हणाली, पापड-कुरडयांना ऊन हवं आणि कावळ्यांना बंदी. वडील म्हणाले, ओटा हवा, रस्त्याकडे तोंड करून. ही म्हणाली, आखाजीला मांडे करायचे तर खापर मांडायला धूर निघून जाईल अशी मागची जागा, आणि नणंदा माहेरी येतात तर झोक्यासाठी स्लॅबमध्ये कड्या. मुलगा म्हणाला, चार्जिंग. आडवी लांब खिडकी कोणीही मागितली नाही. मी यादीचे गणिती गट पाडले. सगळे एकाच गटात गेले, आणि त्या गटाचं नाव निघालं 'नेहमीचं घर'. अलेक्झांडर मिटून ठेवला.

नकाशा मंजुरी झोनच्या कार्यालयात होते, हे मेहुणा सांगत होता. मी मुगलीसराला गेलो. कारण महानगरपालिकेचं मुख्य कार्यालय तिथे एका सराईत आहे. शहाजहानच्या काळात, 1644 मध्ये, हकीकत खानानं मक्केला निघालेल्या यात्रेकरूंना उतरायला ती बांधली. हजची जहाजं सुरतेहून सुटत. 1867 पासून तिथे शहराचा कारभार चालतो. ज्या देशात पावणेचारशे वर्षांच्या धर्मशाळेत जन्मदाखले मिळतात त्या देशाला अनैतिहासिक म्हणणाऱ्याला मी मनातल्या मनात त्या दरवाज्यात उभा केला आणि कमान निरखत राहिलो. शिपायानं विचारलं, काम काय आहे? मी म्हणालो, कमान. त्यानं मला पाणी आणून दिलं. नकाशा दुसऱ्या दिवशी मेहुण्यानं झोनमध्ये दिला.

आणि मग काँक्रीट. माझ्या सगळ्या पुस्तकांचं एका गोष्टीवर एकमत होतं: काँक्रीट झाकायचं नाही. कॉर्बुझिएनं मार्सेयला हे उघडं, ओबडधोबड काँक्रीट पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मिरवलं, आणि तेच घेऊन तो अहमदाबादला आला. आश्रम रोडवर मिलमालकांच्या संघटनेची इमारत आहे, 1954 ची. फळ्यांच्या रेषा तिच्या अंगावर अजून दिसतात. मी ठरवलं, आपला दर्शनी भाग असाच. मिस्त्री शिरपूरकडचा, वयानं माझ्याएवढा, मला भाऊ म्हणणारा. त्याला मी समजावलं की हे काही परदेशी खूळ नाही. आपल्या आचऱ्याचा, मालवणजवळचा, अच्युत कानविंदे नावाचा मुलगा जे. जे. मध्ये शिकला, सरकारनं त्याला 1945 मध्ये हार्वर्डला धाडलं, तिथे तो ग्रोपियसच्या हाताखाली तयार झाला, आणि परत येऊन त्यानं अहमदाबादला कापड संशोधनाची अटिरा बांधली, पुढे आयआयटी कानपूर बांधलं. मिस्त्रीनं सगळं नीट ऐकून घेतलं. "मालवणात तर जांभा असतो," तो म्हणाला. "काँक्रीट कशाला?"

मला लोखंडी प्लेटा नको होत्या. लाकडी फळ्यांचं सेंटरिंग हवं होतं, म्हणजे भिंतीवर लाकडाचे रेघोटे उठले पाहिजेत. फळ्यांसाठी मी जुन्या लाकडाच्या एका वखारीत गेलो. गोपीपुरा, सगरामपुरा, नानपुरा या भागांत कोरीव लाकडाची घरं होती, काही अजून आहेत. 1837 च्या आगीत शहरातली नऊ हजारांवर घरं जळाली, वर त्याच वर्षी तापीचा पूर, तरी सुरतेनं पुन्हा लाकूडच उभं केलं. लाकूड जाणणारी माणसंच होती इथे. मुंबईत जहाजं बांधायला 1736 मध्ये ज्यांना नेलं ते लवजी नसरवानजी वाडिया सुरतेचे, आणि मागे डांगचं सागवान. आता त्यातलं एखादं घर पडलं की लाकूड वखारीत येतं. खांब आणि तोडे शोभेच्या वस्तू विकणारे आधीच उचलून नेतात, फळ्या मागे राहतात. मी फळ्या घेतल्या. वखारवाला म्हणाला, कशाला हव्यात? मी म्हणालो, काँक्रीट ओतायला. तो माझ्याकडे फार वेळ बघत राहिला आणि त्यानं भाव थोडा कमी केला. आजारी माणसाशी आपण जसं वागतो तसं.

स्लॅबच्या वेळी मी मिस्त्रीला बजावलं की खालून स्लॅब स्वच्छ दिसला पाहिजे, कड्या-बिड्या नकोत. मग मी समोरच्या ओट्यावर जाऊन फोटो काढत बसलो. तेवढ्या वेळात त्यानं कड्या टाकल्या. हिनं सकाळीच त्याला चहाबरोबर सांगितलं होतं.

दर्शनी भिंतीचा माल पडला, व्हायब्रेटर फिरला, दिवस भरल्यावर फळ्या निघाल्या. रेघोटे अप्रतिम आले होते. मधे मधे खडी उघडी पडून मधाच्या पोळ्यासारखी भोकं राहिली होती, ती मी प्रामाणिकपणाचा भाग म्हणून स्वीकारली. पण उजव्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर, भिंतीत एक फूल होतं. सहा पाकळ्यांचं. त्याला वेल, वेलीवर पानं, आणि वेलीच्या टोकाला अर्धा पोपट. एका फळीची मागची बाजू तासलेली, खडबडीत होती, म्हणून मिस्त्रीनं गुळगुळीत बाजू आत केली. त्या बाजूला शे-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणा सुताराचं कोरीव काम होतं आणि वर रंगाचे थर बसल्यानं ते आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. फळी काढताना नक्षीत सिमेंट बसून तिचा भुगा झाला. नक्षी भिंतीत उलटी उतरून राहिली. पोपट अर्धा, कारण फळी मापात बसवायला आमच्याच माणसानं तिथे करवत चालवली होती.

मी कपाळाला हात लावला. शुद्ध काँक्रीटवर अलंकार! माझ्या गठ्ठ्यातल्या निम्म्या लेखकांनी आयुष्यभर ज्याच्याविरुद्ध लढा दिला तो अलंकार मी भाव करून विकत आणला होता.

पुढच्या रविवारपासून नातेवाईक घर बघायला येऊ लागले. सगळे रस्त्यावर उभे राहत, वर बघत, आणि आवाज खाली आणून बोलत. अमळनेरहून काका आले. माझा हात धरून कोपऱ्यात घेऊन गेले. "गिलावा बाकी शे का, भाऊ?" मी म्हणालो, काका, गिलावा करायचाच नाही, हे असंच असतं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पैसा लागतीन ते सांगजो," ते म्हणाले, "लाजू नको." मी त्यांना कानविंदे सांगितले, कॉर्बुझिए सांगितला, बाळकृष्ण दोशी सांगितले: पुण्यात जन्मले, पॅरिसला कॉर्बुझिएच्या हाताखाली राबले, 2018 मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय. काका म्हणाले, "त्यांनाही सुरुवातीला अडचण असेल." जाताना हिच्या हातात पाकीट देऊन गेले. हिनं घेतलं, तेही सांगून टाकतो.

काकांची समजूत घालता आली असती. बँकेची कशी घालणार? गृहकर्जाचा शेवटचा हप्ता काम पूर्ण झाल्यावर मिळतो. व्हॅल्युअर आला, त्यानं फोटो काढले आणि शेऱ्यात लिहिलं: बाहेरचा गिलावा बाकी. मी फ्रॅम्प्टनचं आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासाचं पुस्तक आणि अहमदाबादच्या आयआयएमचे फोटो घेऊन शाखेत गेलो. लुई कान हा अमेरिकेतला केवढा मोठा माणूस, विटेला तिचं मत विचारल्याशिवाय भिंत न बांधणारा, आणि बघा, एवढी मोठी संस्था, बाहेरून कुठे गिलावा दिसतो का? साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. "सर, याच ना? यातली वसतिगृहं पाडायला निघाले होते, 2020 मध्ये बातमी होती." होती. जगभरातून ओरड झाली म्हणून तेव्हा थांबले. "बघा ना," साहेब म्हणाले, "त्यांच्यासाठी जगानं ओरड केली. आपल्या केसमध्ये कोण करणार?"

मग पाऊस. सुरतेचा पाऊस पश्चिमेकडून, आडवा येतो, आणि माझी खिडकी पश्चिमेला, आडवी. दोघांची गाठ पडायला वेळ लागला नाही. प्रामाणिकपणाच्या भोकांमधून पाणी आत शिरून भिंतीतून उतरू लागलं, गच्चीवरच्या बागेतून मुलाच्या खोलीत थेंब पडू लागले. हिला धीर यावा म्हणून मी तिला सावोय बाईंची गोष्ट सांगितली. पॅरिसजवळ प्वासीला कॉर्बुझिएनं 1931 मध्ये बांधून पुरा केलेला त्यांचा बंगला म्हणजे पाच मुद्द्यांचा कळस. जगातल्या प्रत्येक आर्किटेक्टनं त्याचं चित्र पाहिलेलं असतं. आणि त्या बाई वर्षानुवर्षं कॉर्बुझिएला पत्रं लिहीत होत्या की हॉलमध्ये पाऊस पडतो, उतारावर गळतं, गॅरेजची भिंत भिजली आहे, न्हाणीघराच्या छताच्या काचेतून पाणी येतं, आता राहण्यालायक करून द्या. ही अगदी मन लावून ऐकत होती. तिनं ते पान मला दुसऱ्यांदा वाचायला लावलं. वास्तुकलेच्या इतिहासानं तिला असं धरून ठेवल्याचं मी प्रथमच पाहत होतो.

"मग त्या बाईंचं काय झालं?"

"दुसरं महायुद्ध सुरू झालं, म्हणून कोर्टकचेरी टळली."

"एवढं मोठं युद्ध होईपर्यंत मला थांबता यायचं नाही," ही म्हणाली. "मी भावाला फोन करते."

मेहुणा आला, त्यानं मला एका शब्दानंही हिणवलं नाही, हे त्याचं वागणं मला अजून टोचतं. खिडकीवर छज्जा आला. गच्चीला वॉटरप्रूफिंग झालं, बाग कुंड्यांत गेली. दर्शनी भिंतीला दोन हात गिलावा चढला. फुलापाशी मात्र काम अडलं. मिस्त्री थापी घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, यावर माझा हात जात नाही. मधल्या काळात आईनं त्या फुलाला हळदकुंकू लावलं होतं. कुठून उमटलं ते कळत नाही म्हणजे जपलेलं बरं, असं तिचं म्हणणं. शेवटी त्या जागेभोवती चौकट धरून बाकी भिंत गुळगुळीत केली. व्हॅल्युअरनं फोटो काढला, शेरा बदलला, हप्ता आला. काकांचं पाकीट परत पाठवलं; त्यांनी कळवलं, देवानं दिवस दाखवला.

दिवाळीनंतर मिस्त्री एका फायबरवाल्याला घेऊन आला. त्यानं फुलाचा साचा उतरवून घेतला, पोपटासकट. आता डिंडोली आणि गोडादऱ्याच्या बाजूला मिस्त्री गिऱ्हाइकाला 'जुन्या सुरतेचं काम' म्हणून ही पट्टी दाखवतो आणि नमुना बघायला आमच्या घरी पाठवतो. रविवारी सकाळी बेल वाजते. मी लुंगीवर बाहेर येऊन गोपीपुऱ्यातली लाकडी घरं, डांगचं सागवान, काँक्रीटचं मार्सेय, हे सगळं सांगतो. मला इतकी वर्षं हवे होते ते श्रोते हेच. फरक एवढा की ऐकून झाल्यावर ते भाव विचारतात. भाव मला पाठ आहे. मिस्त्रीनं त्यात माझे चौरस फुटाला पाच रुपये ठेवलेले आहेत आणि मी त्यांचा हिशेब वेगळ्या वहीत लिहितो, अलेक्झांडरच्या गरजांच्या पुढच्या कोऱ्या पानांवर.

परवा एक जोडपं आलं. नवरा माझं व्हॅन रीडपर्यंतचं भाषण ऐकत राहिला. बायकोनं भिंतीवरून हात फिरवला आणि मधेच थांबवलं.

"फूल छान आहे. हा पोपट अर्धाच का?"

मी करवतीची गोष्ट सांगायला तोंड उघडलं.

"राहू द्या," ती म्हणाली, "पोपट नकोच. मोर मिळेल का?"

"मिळेल," मी म्हणालो. "मोराचे फुटाला चाळीस जास्त."